घेतलंय की तिला!

बालवर्गात भांडण कुठे होणार, हे मी आता डोळे मिटून सांगू शकते. सकाळी आल्याआल्या चपलांच्या मांडणीपाशी. डब्याआधी हात धुवायच्या नळावर. खेळणी आवरायची वेळ झाली की ठोकळ्यांच्या पेटीभोवती. आणि सुटताना दारात, दप्तरं पाठीवर चढली की. बाकी वेळ वर्गात गोंधळ असतो, आरडाओरडा असतो, पण मारामारी फारशी नसते.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका मराठी बालवाडीत मी छोट्या गटाला शिकवते. म्हणजे चार-पाच वर्षांची मुलं. मुलं आम्हाला ताई म्हणतात, मदतीला एक मावशी असतात. मी आले तेव्हा वर्गात मुलांच्या वागण्याच्या नोंदींची एक वही होती. तिच्यात तीन रकाने होते: नाव, काय केलं, काय उपाय केला. भरायची घाई असायची, त्यामुळे ‘काय केलं’ खाली बहुतेक वेळा विशेषणंच पडलेली असत. हट्टी. मारकुटा. रडकी. एकलकोंडा. मी त्या वहीत आणखी दोन रकाने आखले: कुठे आणि किती वाजता. एवढ्यानेच विशेषणांची पंचाईत झाली. वहीतला सर्वांत मारकुटा मुलगा, त्याला इथे शंभू म्हणते (या लेखातली मुलांची सगळी नावं बदललेली आहेत), सकाळी सव्वादहापर्यंत कुणाला बोट लावत नव्हता. सव्वादहाला हात धुवायला रांग लागायची. दोन नळ, त्यातला एक करंगळीएवढ्या धारेचा, आणि पोटात भूक असलेली एकोणतीस मुलं. शंभूचा नंबर आडनावामुळे कायम शेवटाकडे.

उपाय मावशींनी सुचवला. त्यांनी कोपऱ्यात बादली आणि तांब्या ठेवला. पाच-पाच जणांनी यायचं, मावशी हातावर पाणी घालणार, बाकीच्यांनी जागेवर बसून गाणं म्हणायचं. आणि कधी शेवटून सुरुवात करायची. शंभूचं मारणं संपलं नाही, पण वहीत त्याचं नाव शोधावं लागेल इतकं कमी झालं. पालकसभेत त्याची आई म्हणाली, “ताई, तुमच्यामुळे याचा स्वभाव निवळला हो.” आम्ही त्याच्या स्वभावाला हातही लावला नव्हता. आम्ही एक बादली आणली होती.

यात नवं काही नाही, हे मला माहीत आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी तिथून आली. त्या अंगणात आधी मुलांना आंघोळी घातल्या जायच्या, केस विंचरले जायचे. आमच्या पदविकेच्या अभ्यासक्रमात हा भाग ‘आरोग्यविषयक सवयी’ या मथळ्याखाली होता. आता मला वाटतं, तो मथळा अपुरा आहे. अंगाला खाज सुटलेलं, नाक वाहणारं मूल दुसऱ्याशी नीट वागेल अशी अपेक्षाच कुणी करू नये. त्या बायकांना हे कळलं होतं, म्हणून त्या पाण्यापासून सुरुवात करत.

रांगेत थांबता येणं ही चार वर्षांच्या मुलासाठी सोपी गोष्ट नाही. आपल्याला आवर घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, असं मेंदूचे अभ्यासक सांगतात. (लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावणारी माणसं पाहून मला त्याही वयाची शंका येते.) पण पालकांना हे सांगून पटत नाही, कारण त्यांच्या फोनवर दर काही महिन्यांनी तो मिठाईचा प्रयोग फिरत येतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेत वॉल्टर मिशेल यांनी मुलांसमोर एक खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली, असं त्या निरोपात लिहिलेलं असतं. आमच्या एका वडिलांनी तो प्रयोग घरी काजू कतलीवर केला. मुलाने कतली लगेच खाल्ली आणि वडील दुसऱ्या दिवशी चिंतागती चेहऱ्याने माझ्यासमोर उभे.

मी त्यांना विचारलं, “दुसरी कतली खरंच द्यायची होती का?”

ते हसले. “नाही, एकच उरली होती. तो थांबतो का तेवढंच बघायचं होतं.”

आता त्या मुलाला काय म्हणायचं? मला तर तो हुशार वाटला. २०१८ मध्ये हाच प्रयोग कितीतरी जास्त मुलांच्या माहितीवर पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर त्या भाकितातला बराचसा जोर ओसरला. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१३ साली प्रसिद्ध झालेला रॉचेस्टरचा प्रयोग. तिथे सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाऊच्या आधी मुलांना चित्रं काढायला बसवलं आणि सांगितलं, थांबा, तुमच्यासाठी आणखी छान साहित्य आणते. काही मुलांना ते मिळालं. काहींकडे बाई रिकाम्या हाताने परतल्या, म्हणाल्या, माफ कर, नाहीच आहे. मग खाऊचा प्रयोग. ज्यांना शब्द पाळणारी बाई भेटली होती ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांची निराशा झाली होती ती तीन.

वर्गात मी याचा रोज प्रत्यय घेते. “तुझी पाळी येईल” असं सांगणाऱ्या ताईने ती पाळी आणून दाखवली नाही, तर पुढच्या वेळी मूल ढकलाढकलीच करणार. आमच्या अंगणात तीनचाकी सायकल एकच आहे. “सगळ्यांनी शेअर करायचं” हे वाक्य मी वर्गातून काढून टाकलं आहे. चार वर्षांच्या मुलाच्या हातातून रंगात आलेली वस्तू काढून दुसऱ्याला देणं याला शेअर करणं म्हणायची मोठ्यांना फार हौस असते. स्वतःचा फोन कुणाला पाच मिनिटं देऊन बघा म्हणावं. आमच्याकडे ‘झालं की दे’ असा नियम आहे, आणि फक्त सायकलीसाठी वाळूचं घड्याळ. पहिला आठवडा मुलं घड्याळाभोवतीच कोंडाळं करून वाळू पडताना बघत बसली. सायकल भिंतीला टेकून उभी होती आणि घड्याळावरून भांडणं चालू होती. पण हळूहळू त्यांना खात्री पटली की वाळू संपली की ताई खरंच सायकल थांबवते, मग चालवणारा रडला तरी थांबवते.

चावण्याचा प्रश्न मात्र बादलीने किंवा घड्याळाने सुटणारा नव्हता. एका वर्षी जूनमध्ये एक मुलगा आला. त्याचे आईवडील जवळच्या इमारतीच्या कामावर होते, घरात लमाणी बोलत. पहिले आठ-दहा दिवस तो दाराकडे बघत “याडी, याडी” करत आईला हाका मारायचा. रडणं थांबलं आणि चावणं सुरू झालं. दंडावर, पाठीवर, एकदा गालावर. गालाचा फोटो संध्याकाळच्या आत पालकांच्या गटावर आला आणि खाली निरोपांची रांग. चावणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नाही, पण मुलांनी ते घरी जाऊन केव्हाच सांगितलेलं असतं. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन समजावलं, “बाई, दोन फटके द्या, एका दिवसात सरळ होईल.” कायदा काय सांगतो ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हणाले की, दुखवू नये हे त्याला दुखवून कसं शिकवू? आजोबांना ते पटलं नाही. पण ते दुसऱ्या दिवसापासून नातवाला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पाठवायला लागले. व्यवहारी माणूस.

मी आणि मावशी आळीपाळीने त्याच्या शेजारी बसायला लागलो. तो कुणावर धावून जात नव्हता. तो खेळत असायचा, मागून कुणीतरी हातातलं ओढायचं, आणि ‘माझं आहे’, ‘थांब’, ‘ओढू नको’ यातला एकही शब्द त्याच्याजवळ मराठीत नव्हता. दात तेवढे होते. आम्ही त्याला तळहात पुढे करून “थांब” म्हणायला शिकवलं. तो दोन दिवसांत शिकला. वेळ लागला तो इतरांना. कुणी तळहात पुढे केला की आपण थांबायचं, हे उरलेल्या अठ्ठावीस जणांच्या अंगवळणी पडायला गणपती उलटून गेले. कारण त्याने “थांब” म्हटलं आणि समोरच्याने तरीही ओढलं, तर तो शब्द त्याच्या दृष्टीने निकामी. मग पुन्हा दात. वर्गभर थांबण्याचा सराव झाला तेव्हा त्याचं चावणं कमी झालं. दिवाळीत गावी राहून आल्यावर पुन्हा दोनेकदा उसळलं आणि मग विरलं.

या सरावाचा एक परिणाम आम्ही गृहीत धरला नव्हता. मी “चला, खेळणी आवरा” म्हटलं की आता वर्गातून तळहात वर व्हायला लागले. “ताई, थांब!” एका ठोकळ्याच्या मनोऱ्यामागून, एका चित्रामागून, एका मांजरीच्या मुखवट्यामागून. त्यांना थांबायला सांगायचं आणि आपण थांबायचं नाही, हे चालणार नव्हतं. म्हणून मी थांबायला लागले. आवरायच्या पाच मिनिटं आधी डफ वाजवून सूचना द्यायची, ही पद्धत त्यातून आली. ठोकळ्यांच्या पेटीभोवतीची भांडणं निम्म्यावर आली.

‘सॉरी’ या प्रकाराबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. मूल मारतं, मोठं माणूस म्हणतं “सॉरी म्हण”, मूल छताकडे बघत सॉरी म्हणतं आणि प्रकरण मिटतं. मिटतं ते मोठ्या माणसापुरतं. ज्याला लागलं तो तिथेच रडत असतो. आमच्या वर्गात मारणाऱ्याला एकच काम असतं: ज्याला लागलं त्याच्याजवळ जायचं आणि “तुला आता काय पाहिजे?” असं विचारायचं. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. पाणी. फुंकर. माझा हात धर. माझा ठोकळा परत दे. एकीने शांतपणे सांगितलं, “तू आज माझ्या शेजारी बसू नकोस.” मारणाऱ्याने ते ऐकलं, उठला, दुसरीकडे बसला, आणि डबा खाताना दर मिनिटाला तिच्याकडे बघत होता. मी मध्ये पडले नाही. त्यांची कट्टी झाली होती आणि बट्टी कधी करायची हे त्यांचं ते ठरवणार होते. करंगळीने तोडायचं आणि दोन बोटांनी जोडायचं, ही व्यवस्था मुलांनी आपापसात चालवलेली आहे. तिथे ताईची गरज नसते.

२०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, २०२२च्या आराखड्यात सामाजिक-भावनिक विकासाला जागा मिळाली, त्यामुळे आता या विषयाची प्रशिक्षणं होतात. चांगली गोष्ट आहे. अशाच एका प्रशिक्षणातून आमच्या भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता आला: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. सकाळी येऊन मुलाने आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. पहिल्या आठवड्यात सगळा वर्ग आनंदी होता, कारण आनंदीवर बोट ठेवलं की ताई “अरे वा” म्हणते, हे पहिल्या मुलाला कळलं आणि रांगेतून मागे गेलं. रुसलेल्याचा चेहरा तक्त्यावर नाहीच. आमचं निम्मं काम रुसलेल्यांशी असतं. तक्ता अजून भिंतीवर आहे, पण मी तो दुपारी, गोष्टीच्या वेळी वापरते: सशाचं तोंड आत्ता कसं झालं असेल? दुसऱ्याबद्दल बोलायचं म्हटलं की मुलं खरं बोलतात. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांतीचा खेळ घ्यायला जातो, त्याचा पार फज्जा उडतो, आणि मग तो दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. बालवाडीच्या शिक्षिकेला ते पान पाठ असतं, कारण ते तिच्यावर दर जूनमध्ये येतं.

आता मीनूबद्दल सांगते. गेल्या वर्षी वहीत मीनूच्या नावापुढे नोंद होती: भातुकली उधळते. खरंच उधळायची. भातुकलीच्या कोपऱ्यात चूल, कुकर, पोळपाट-लाटणं, स्टीलच्या वाट्या छान मांडलेल्या असत आणि खेळ रंगात आला की मीनूची लाथ बसायची. वाट्या वर्गभर. मग तिला बाजूला बसवायचं, ती रडायची, बाकीच्या मुली पुन्हा मांडायच्या. ‘कुठे’ आणि ‘किती वाजता’चा रकाना इथे काही सांगत नव्हता. रोज तीच जागा, तीच वेळ.

आमच्या वर्गात ‘खेळायला येऊ नको असं कुणी कुणाला म्हणायचं नाही’ असा नियम आहे. तो मी उचलला शिकागोच्या व्हिव्हियन पेलींकडून. शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूलमध्ये त्या लहान मुलांना शिकवत आणि त्यांनी हाच नियम वर्गात आणून त्याचं काय झालं यावर १९९२ मध्ये एक पुस्तक लिहिलं. नियम करण्याआधी त्या वरच्या वर्गांतल्या मुलांकडे जाऊन त्यांचं मत घेत होत्या. मोठ्या मुलांना नियम न्याय्य वाटला, पण तो चालेल याची खात्री वाटेना. आमच्या मुलांनी त्याच्यावर चर्चा वगैरे केली नाही, मान डोलावली. म्हणून मी भातुकलीच्या मुलींना विचारलं, “मीनूला खेळायला घेत नाही का तुम्ही?”

“घेतलंय की तिला!” एक जण कमरेवर हात ठेवून म्हणाली. “ती बाळ आहे. बाळ झोपलंय.”

दुसऱ्या दिवशी मी जवळ बसून पाहिलं. मीनूला चटईवर आडवं केलं होतं, अंगावर रुमाल. तिने डोळे उघडले की आई दटावायची, “बाळ, झोप.” आई स्वयंपाक करत होती, मावशी बाजारात जात होती, काका ऑफिसमधून आले, सगळ्यांनी लुटुपुटीचा चहा घेतला. बाळाला चहा देत नाहीत. रोज भातुकली आणि रोज मीनू बाळ, कारण वर्गात तीच अंगाने सर्वांत बारकी. नियम तंतोतंत पाळला जात होता. आणि वीस मिनिटं डोळे मिटून पडलेल्या त्या बाळाकडे खेळात करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. लाथ मारणं.

मला लहानपणचं लिंबूटिंबू आठवलं. वाड्यात लपाछपी खेळताना धाकट्यांना आम्ही लिंबूटिंबू करत असू. पकडलं तरी राज्य यायचं नाही. मी त्याची फार स्तुती करते, प्रशिक्षणांतही सांगते की बघा, आपल्या मुलांनी सगळ्यांना सामावून घेण्याची किती सुंदर युक्ती काढली. पण माझा धाकटा भाऊ आजही वेगळं सांगतो. त्याला राज्य हवं असायचं. कुणी आपल्याला पकडावं आणि ते मोजलं जावं, एवढंच त्याचं म्हणणं. तीन वर्षांच्या मुलाला लिंबूटिंबू होण्यात संरक्षण वाटतं, आणि पाच वर्षांच्या मुलाचा त्यानेच अपमान होतो. कुठल्या दिवशी एकाचं दुसरं होतं, हे बाहेरून दिसत नाही. लाथ बसली की दिसतं.

मीनूला काय व्हायचंय ते मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “आई.” यावर मोठा वाद झाला. आई आधीच आहे. दोन आया कशा असतील? एकीने हा प्रश्न सोडवला: तिच्या चाळीत खाली एक आई आहे आणि वर एक. मग कोपऱ्यात दोन घरं झाली, दोन चुली, कुकर एकच असल्यामुळे तो वरखाली जायला लागला. वरची आई खालच्या आईकडे साखर मागायला येऊ लागली. मीनूला कुकर परत न दिल्याबद्दल भांडायला मिळालं, आणि ती कडाकडा भांडली. वाट्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

अडचण एकच राहिली. बाळ कोण होणार? कुणीही तयार होईना. शंभू कुत्रा होता, त्याला बढती नको होती. बरीच भवति न भवति झाल्यावर दोन्ही आया माझ्याकडे आल्या आणि मीनूने माझा हात धरला. मी चटईवर आडवी झाले. पाय बाहेर येत होते म्हणून कुणीतरी दुसरी चटई जोडली. रुमाल अंगावर पडला. मी वर्गावर लक्ष ठेवायला म्हणून एक डोळा किलकिला केला, तर वरून लगेच आवाज आला, “बाळ, झोप!” नळाकडे गलका सुरू झाला होता, मावशी एकट्याच होत्या, डब्याची वेळ झाली होती. मी तळहात वर केला आणि म्हटलं, “थांब.”

मीनूने थोडा विचार केला. मग ती कुकरकडे वळली आणि खालच्या आईला म्हणाली, “आमचं बाळ फार त्रास देतं बाई.”